दगड पुन्हा खाली: ग्रीक पुराणकथेतून हाताने फिरवायचे हलते शिल्प कसे घडवावे

ग्रीक पुराणकथा हलत्या शिल्पासाठी घेताना बहुतेक जण पात्रापासून सुरुवात करतात. मेड्युसाचे डोके किंवा मिनोटॉरची शिंगे कोरतात आणि शेवटी त्याखाली एखादी यंत्रणा बसवतात. मग डोके नुसते मागेपुढे डोलते आणि बघणाऱ्याला कथा काही कळत नाही. मी उलट्या बाजूने जायला सांगेन. कथेतले क्रियापद आधी शोधा. ढकलणे, निसटणे, वर येणे, वितळून पडणे यांपैकी कुठली तरी एक क्रिया प्रत्येक कथेच्या मुळाशी असते. त्या क्रियेचा वेग आणि लय कागदावर काढा, आणि तशीच लय ज्या यंत्रणेत मुळातच आहे तीच यंत्रणा निवडा. बाहुलीचे नाक-डोळे त्यानंतर.

या लेखात एक शिल्प पूर्ण मापांसह देतो: सिसिफस आणि त्याचा दगड. ते जमले की पर्सिफनी, टँटलस, इकारस आणि टालोस यांच्याकडे कसे वळायचे, तेही पुढे थोडक्यात सांगतो.

ही वाट जुनीच आहे

स्वतः हलणाऱ्या वस्तूंचे वेड ग्रीकांना फार आधीपासून होते. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या 18व्या सर्गात अकिलीसची आई थेटिस हेफाइस्टस या लोहारदेवाकडे जाते, तेव्हा तो 20 तिवया घडवत असतो. त्यांना सोन्याची चाके असतात आणि त्या आपल्या आपण देवांच्या सभेत जाऊन परत येतात. ही झाली कल्पना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने अशा वस्तू प्रत्यक्ष कशा बांधायच्या, हे लिहून ठेवले. त्याच्या एका यांत्रिक रंगमंचावर नॉप्लियसची कथा पाच दृश्यांत दिसते. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांनी नॉप्लियसच्या मुलाला, पालामिडीसला, मारलेले असते. सूड म्हणून नॉप्लियस परतीच्या वाटेवरच्या ग्रीक जहाजांना खोटी मशाल दाखवतो आणि जहाजे खडकांवर फुटतात. जहाजांची डागडुजी करणारे कारागीर, जहाजे पाण्यात लोटणे, समुद्रातला प्रवास आणि मध्येच उसळणारे डॉल्फिन, मशाल, आणि शेवटी वादळात वीज पडून कोसळणारा ग्रीक योद्धा एजॅक्स: हे सगळे दोऱ्या, आस आणि खाली सरकणारे वजन यांच्या जोरावर चालायचे. हेरॉनच्या यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती अथेन्समधल्या कोटसानास संग्रहालयात मांडलेल्या आहेत. कधी तिकडे जाणे झाले तर त्यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

आपल्याकडे गणेशोत्सवातले हलते देखावे पाहत मोठा झालेला माणूस या कामात अगदीच नवखा नसतो. कॅम (आसाबरोबर फिरणारी, आपल्या कडेने दांडी उचलणारी चकती), तरफ आणि दोरी यांनी हात कसा उचलला जातो, हे त्याने मंडपाच्या मागे डोकावून पाहिलेले असते. फरक इतकाच की इथे मोटर लावायची नाही. का, ते पुढे कळेल.

कथा नीट वाचा, मग वेग काढा

सिसिफसचे मूळ वर्णन होमरच्याच ओडिसीच्या 11व्या सर्गात आहे. काव्याचा नायक ओडिसियस मृतांच्या लोकात जे पाहतो त्यात एक प्रचंड शिळा दोन्ही हातांनी, पाय रोवून डोंगरावर चढवणारा सिसिफस आहे. माथा आता येणार तोच तिचा भार तिला मागे फिरवतो आणि शिळा घरंगळत थेट सपाटीवर जाते. तो पुन्हा ढकलू लागतो. अंगातून घाम गळत असतो, डोक्याभोवती धूळ उठत असते.

मूळ ग्रीक ओळींत एक कारागिरी आहे आणि ती आपल्या थेट उपयोगाची आहे. शिळा खाली येते ती ओळ अशी: «औतिस एपैता पेदोन्दे कुलिन्देतो लाआस अनाइदेस». मोठ्याने म्हणून बघा. गुरू, लघु, लघु असा गण पाठोपाठ पाच वेळा येतो. आपल्या छंदशास्त्रात हाच भगण. जीभ कुठेही न अडखळता घसरत जाते. त्याआधीच्या, चढणीच्या ओळींमध्ये मात्र जड, दीर्घ अक्षरे आहेत आणि त्या म्हणताना दम लागतो. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात हालिकार्नाससच्या डायोनिसियसने हे बारकाईने उलगडून दाखवले होते. म्हणजे वेगाचा आलेख होमरनेच काढून ठेवला आहे: सावकाश चढ, माथ्याजवळ आणखी सावकाश, मग एकदम घसरण.

यंत्रशास्त्रात नेमकी हीच चाल ज्या तुकड्याची असते, तो म्हणजे गोगलगायीच्या शंखाच्या आकाराचा कॅम. त्याची कड केंद्रापासून हळूहळू दूर जाते आणि एका जागी तुटून पुन्हा जवळ येते. त्यावर टेकलेली दांडी हळूहळू वर चढते आणि धाडकन पडते. सिसिफससाठी याहून योग्य यंत्रणा नाही.

आता एक अडचण. दगड आणि माणूस एकाच दांडीवर बसवले तर दोघेही एकदम पडतील. कथेत पडतो तो दगड, माणसाला चालत खाली यावे लागते. म्हणून एकाच आसावर दोन कॅम घ्यायचे, एक दगडाचा आणि एक माणसाचा. हँडलचा एक फेरा म्हणजे एक चढण आणि एक उतरण.

सामान

9 मिमी प्लायवूड (बर्च मिळाले तर उत्तम, नाहीतर चांगल्या प्रतीचे साधे), हातांसाठी (म्हणजे दगड आणि माणूस ज्यांच्या टोकांवर बसतात त्या दोन पट्ट्यांसाठी) 3 मिमी प्लाय, आसासाठी 10 मिमीची आणि उभ्या दांड्यांसाठी 8 मिमीची गोल लाकडी काडी, हात ज्यावर फिरतात त्या धुरीसाठी सायकलचा स्पोक, चार-सहा वॉशर, लाकडाचा फेव्हिकॉल, बांबूच्या काड्या, मेणबत्ती. माणूस कोरायला शिवणीचा किंवा आंब्याचा छोटा तुकडा घ्या. शिवण हाताखाली छान कापली जाते आणि सहसा तडकत नाही. हत्यारांत फ्रेटसॉ, हँडड्रिल, गोल आणि चपटी कानस, एक लहान धारदार पटाशी, पॉलिशपेपर आणि मुलांची कंपासपेटी. लेसर कटिंगची सोय असेल तरी पहिले शिल्प हाताने कापा. कॅमची कड घासताना दांडी कशावरून जाणार आहे हे बोटांना कळते, आणि पुढे बिघाड शोधताना तेच उपयोगी पडते.

आधी पुठ्ठा

सगळ्यात आधी खोक्याच्या पुठ्ठ्यातून दोन कॅम, दोन हात आणि डोंगराची बाह्याकृती कापा आणि टाचण्यांनी एका मोठ्या फळीवर टोचा. कॅम बोटाने फिरवून हात किती उचलले जातात ते पाहा. यात तासभर जाईल, पण पुढे प्लायचे निम्मे तुकडे वाया जाणे टळेल. दगड डोंगराला घासतो का, माणूस दगडाच्या फार मागे राहतो का, याची उत्तरे पुठ्ठ्यावर घ्यायची.

दोन कॅम

प्लायवर एक केंद्र घ्या आणि कोनमापकाने दर 30 अंशांवर एक, अशा 12 रेषा केंद्रातून बाहेर काढा. त्यांना 0 ते 11 आकडे द्या. समोरून पाहता हँडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचे असेल तर आकडे काट्यांच्या उलट दिशेने लिहायचे. इथे दिशा उलटली तर दगड आधी उडी मारून वर जाईल आणि हळूहळू खाली येईल.

दगडाच्या कॅमसाठी केंद्रापासून मापे अशी: रेषा 0 वर 16 मिमी, 1 वर 20, 2 वर 24, 3 वर 28, 4 वर 31, 5 वर 34, 6 वर 36, 7 वर 38 आणि 8 वर 40. तिथून एकदम 16 वर उतरा आणि 9, 10, 11 या रेषांवर 16 च ठेवा. सुरुवातीला प्रत्येक घरात 4 मिमी चढ आहे, माथ्याजवळ फक्त 2. चढण शेवटी मंदावते ती त्यामुळे. खुणा हाताने सुबक वळणात जोडा, पट्टी लावून नाही. सरळ रेषांनी जोडले तर प्रत्येक कोपऱ्यावर दांडी हिसका खाते.

पडण्याच्या जागी, म्हणजे रेषा 8 वर, 40 मिमीच्या टोकाकडून आत येणारी कड थेट केंद्राकडे नेऊ नका. ती आत येताना किंचित रेषा 7 च्या बाजूला झुकलेली हवी. म्हणजे टोक पुढे सरकताच दांडीला खाली पडायला मोकळी जागा मिळते. नाहीतर ती त्या भिंतीला घासत उतरते आणि सगळी मजा जाते. टोक मात्र अगदी अणकुचीदार ठेवू नका, मिलिमीटरभर गोल करा, नाहीतर प्लायचे पापुद्रे सुटतात.

माणसाच्या कॅमला 0 ते 8 हीच मापे. मग रेषा 9 वर पुन्हा 40, 10 वर 32, 11 वर 24 आणि परत 0 वर 16. रेषा 8 ते 9 या घरात दगड निघून गेलेला असतो आणि माणूस माथ्याखाली तसाच उभा राहतो. हा थांबा होमरमध्ये नाही, तो मी घातला आहे. शिल्पातला सगळ्यात बोलका क्षण मला तोच वाटतो. तुम्हाला तो नको असेल तर 8 नंतर 34, 28, 22 अशी उतरण द्या.

दोन्ही कॅम कापून, क्लॅम्पने एकत्र धरून 0 ते 8 ची कड एकदमच घासा, म्हणजे चढताना दोघांची चाल जुळेल. मध्ये 10 मिमीचे भोक पाडा.

पेटी

बाहेरून साधारण 260 मिमी लांब, 100 मिमी खोल. तळापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंतची उंची 110 मिमी. आस पुढून मागे जाईल, तळापासून 50 मिमी वर आणि पेटीच्या उजव्या टोकापासून 109 मिमीवर. पुढच्या फळीत दोन्ही बाजूंना खिडक्या कापा आणि आसाला आधार देणारी मधली पट्टी राहू द्या. कॅम दिसलेच पाहिजेत. बघणारा आधी वर बघतो, मग वाकून खाली बघतो, आणि मग हसतो. झाकून ठेवलेल्या यंत्राला हे सुख नाही.

झाकणाच्या खालच्या बाजूला, आसाच्या बरोब्बर वर, 12 मिमी जाडीचा एक लाकडी ठोकळा चिकटवा. झाकण आणि ठोकळा दोन्हींतून एकदमच 8 मिमीच्या दांड्यांसाठी दोन सरळ भोके पाडा, एकमेकांपासून 20 मिमीवर, एक पुढे, एक मागे. एवढी खोली मिळाली की दांडी डुगडुगत नाही. भोक किंचित सैल हवे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि मे महिन्यात घट्ट बसवलेली दांडी जुलैत अडकते, हे लक्षात ठेवूनच भोक घासा.

कॅम आसावर आपापल्या दांडीखाली येतील असे बसवा, पण आत्ताच चिकटवू नका. हँडल आसाच्या पुढच्या टोकाला.

उलटे न फिरण्यासाठी खटका

या कॅमचा एक धोका आहे. कोणी हँडल उलटे फिरवले तर पडण्याची भिंत दांडीला आडवी धडकते आणि एकतर दांडी मोडते किंवा कॅम. लहान मुले हमखास उलटे फिरवतात. म्हणून आसाच्या मागच्या टोकाला 12 तिरप्या दातांचे एक छोटे चाक बसवा आणि त्यावर बांबूची एक लवचीक पट्टी टेकवा. योग्य दिशेने पट्टी दातांवरून सरकत जाते, उलट दिशेने अडते. शिवाय चढणीला टक्-टक् असा आवाज मिळतो. प्रत्येक पाऊल ऐकू येते.

हात आणि डोंगर

दोन्ही हात 3 मिमी प्लायचे, व्ही आकाराचे. लांब बाजू 160 मिमी, आखूड बाजू 30 मिमी, दोन्ही 10 मिमी रुंद. मोजायचे ते जोडाच्या भोकापासून. दगडाच्या हातात दोन्ही बाजूंमधला कोन 52 अंश, माणसाच्या हातात 38. या 14 अंशांच्या फरकामुळे माणूस दगडाच्या मागे, साधारण 40 मिमी खाली राहतो.

धुरी म्हणून सायकलचा स्पोक, झाकणाच्या वर 30 मिमी आणि पेटीच्या उजव्या टोकापासून 80 मिमीवर. त्यावर दोन्ही हात ओवा, मध्ये नळीचा तुकडा घालून 20 मिमी अंतर राखा. आखूड बाजू डावीकडे आडवी येते आणि तिच्याखाली उभी दांडी टेकते. दांडी वर आली की लांब बाजू डावीकडून वर, माथ्याकडे झुकते. कॅम 24 मिमी चढतो तेव्हा हात सुमारे 45 अंश फिरतो आणि दगड 125 मिमी चालतो. दांडीची लांबी 66-67 मिमी येईल. 70 कापा आणि जागेवर घासून जुळवा. दोन्ही टोके गोल करा, कुठेही जोडू नका. हाताचे वजनच दांडीला खाली दाबते.

डोंगर म्हणजे दोन सारख्या फळ्या, एक पुढे, एक मागे, मध्ये 28 मिमीची फट. त्या फटीतून हात फिरतात आणि धुरीची दोन टोकेही याच फळ्यांत अडकतात. धुरी केंद्र धरून 143 मिमी त्रिज्येचा कंस काढला की डोंगराची कड मिळते: पायथ्याशी उभी चढण, माथ्याकडे सौम्य. माथ्याच्या पलीकडचा उजवा भाग हवा तसा कडा करा, तिकडे कोणी जाणार नाही.

दगड आणि माणूस

दगड चेंडूसारखा गोल कोरावासा वाटतो, पण इथे तसे चालणार नाही. पडताना तो माणसाच्या बाजूने खाली जायचा आहे. म्हणून 30 मिमी व्यासाची, 14 मिमी जाडीची चकती घ्या आणि तिच्या कडा पटाशीने ओबडधोबड करा. ती मागच्या हातावर बसेल. माणूस पुढच्या हातावर, फक्त 10 मिमी जाडीचा. दोन्ही हातांत 20 मिमी अंतर असल्याने मध्ये 8 मिमी मोकळी जागा उरते आणि दगड त्याच्या पाठीमागून निसटून जातो. समोरून बघताना तळवे दगडाला टेकल्यासारखेच दिसतात. तळवे मागे वळवायचा मोह टाळा, पहिल्याच फेऱ्यात तुटतील.

माणूस साधारण 45 मिमी उंच. चेहऱ्यावर वेळ घालवू नका. एवढ्या लहान आकारात भाव अंगातून कळतो, चेहऱ्यातून नाही. ओणवे धड, ताणलेली मागची पोटरी, खांद्यांच्या मध्ये दबलेले डोके. बाजूने पाहिले तर टाचेपासून तळव्यापर्यंत एक तिरकी रेष दिसली पाहिजे. त्याला डोंगराच्या पृष्ठभागाला काटकोनात उभे करू नका, 20 अंश पुढे कलता ठेवा.

दगडात मागून भोक पाडून दोन-तीन लोखंडी वॉशर किंवा एक नट बसवा. माथ्याजवळ हात जवळजवळ उभा झालेला असतो, त्यामुळे दगडाचे वजन दांडीवर कमी पडते आणि नेमका तिथेच तो अडकून बसू शकतो. वजन घातले की कॅमचे टोक सरकताच तो निघतो.

जुळवणी

आता कॅम आसावर फिरवून दोघांचा रेषा 0 एकाच जागी आणा, हँडल हळूहळू फिरवा, दोघे बरोबरीने चढतात का पाहा. समाधान झाले की प्रत्येक कॅमच्या बाजूने आसात आरपार बारीक भोक पाडून बांबूची काडी ठोका, वर गोंद. नुसत्या गोंदावर कॅम ठेवला तर महिन्याभरात सरकतो.

कॅमच्या कडांवर, दांड्यांवर आणि भोकांत मेणबत्ती घासा. तेल लावू नका, लाकूड तेल पिते आणि फुगते. पेन्सिलीच्या शिशाची पूडही चालते, पण हात काळे होतात.

दगडाच्या हाताला खाली टेकायला डोंगराच्या आत एक छोटा लाकडी अडसर लावा. दांडी कॅमवर आपटायच्या मिलिमीटरभर आधी हात अडसरावर टेकला पाहिजे, म्हणजे मार कॅमला बसत नाही. अडसरावर फेल्ट लावले की आवाज मऊ होतो. मी फेल्ट लावत नाही. दगड पडल्याचा ठक्क आवाज या कथेचा हक्काचा आहे.

आता हँडल फिरवा. चढताना हाताला भार जाणवेल. मग टोक सुटते आणि क्षणभर हँडल हलके होते. आधी मोटर नको म्हटले ते यासाठीच. मोटर लावली तर सिसिफस फक्त दिसतो. हाताने फिरवले तर तो भार फिरवणाऱ्याच्या मनगटात येतो.

रंग

म्युनिकच्या पुरातन वस्तुसंग्रहालयात इसवी सनपूर्व सुमारे 530 सालचा एक अथेनी कुंभ आहे. त्यावर सिसिफस दगड ढकलतो आहे आणि पाताळाची राणी पर्सिफनी समोर उभी आहे. तांबूस मातीवर काळ्या आकृती. मला याहून चांगली रंगसंगती सुचलेली नाही. डोंगर आणि पेटीला गेरू पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून दोन हात द्या, आकृत्या अॅक्रिलिक काळ्या रंगाने रंगवा, आणि वाळल्यावर स्नायूंच्या रेषा पटाशीच्या टोकाने खरवडून लाकूड उघडे करा. अथेनी कुंभारही काळ्या थरावर तपशील असेच कोरून काढत. ज्या कडा एकमेकींवर सरकतात त्यांना मात्र रंग अजिबात नको.

इतर कथांकडे

पर्सिफनीसाठी कॅमला थांबे लागतात. तिची आई, धान्याची देवी डेमिटर, हिच्या होमरी स्तोत्रात ती वर्षाचा एक तृतीयांश पाताळात आणि दोन तृतीयांश आईजवळ राहते. तेच कॅमवर उतरवा: 60 अंश खालचा थांबा, 60 अंश चढ, 180 अंश वरचा थांबा, 60 अंश उतार. चढ-उतार अर्धे-अर्धे वाटले की 120 आणि 240 अंश बरोबर होतात. आतली त्रिज्या 30 आणि चढ 15 मिमीपर्यंतच ठेवा, नाहीतर उतार फार उभा होऊन दांडी आडवी दाबली जाते. तसाच दुसरा कॅम 20 अंश मागे लावून त्यावर गव्हाच्या ओंब्या उभारा. ती वर आली की मागोमाग शेत उभे राहते. रोमन कवी ओव्हिडच्या कथनात मात्र वर्षाचे दोन समान भाग आहेत. तुम्ही कुठली परंपरा धरता त्यावर कॅम ठरेल.

टँटलसला कॅमपेक्षा तरफ हवी. हनुवटीपर्यंत पाण्यात उभा असलेला तो प्यायला वाकला की पाणी आटते, फळाला हात घातला की वारा फांदी वर उडवतो. एकाच तरफेवर त्याचा हात धुरीपासून 40 मिमीवर आणि फांदी त्याच बाजूला 80 मिमीवर जोडा. हात 10 मिमी उचलला की फांदी 20 मिमी वर जाते. अंतर मिटवायला तो जितका झटेल तितके ते वाढत जाते. याहून कमी तुकड्यांत पूर्ण कथा सांगणारे शिल्प मला माहीत नाही. नवशिक्यांनी हवे तर सुरुवात इथूनच करावी.

मेणाने जोडलेले पंख लावून उडालेला आणि सूर्याच्या उष्णतेने मेण वितळून पडलेला इकारस अवघड आहे. पंख सारखे हलायला हवेत, पण पडायचे एकदाच. त्यासाठी दोन वेगळे वेग लागतात. हँडलच्या आसावर 10 दातांचे चाक आणि पंखांची क्रँक, दुसऱ्या आसावर 80 दातांचे चाक आणि गोगलगायीचा कॅम. 8 वेळा पंख हलेपर्यंत तो सूर्याकडे चढत राहतो आणि मग कोसळतो. दातेरी चाके हाताने कापण्यापेक्षा इथे लेसर कटिंगच बरे. दातांमधले अंतर जरा चुकले तरी चाके अडतात.

आणि टालोस. क्रीट बेटाभोवती दिवसातून तीन फेऱ्या घालणारा, परक्या जहाजांवर शिळा फेकणारा ब्राँझचा पहारेकरी. त्याच्या अंगात एकच शीर, आणि ती एका कथेप्रमाणे घोट्याशी खिळ्याने बंद केलेली. मीडिया नावाची जादूगारीण त्याला भुलवते, खिळा निघतो, देवांचे रक्त वाहून जाते आणि तो कोसळतो. यासाठी हेरॉनकडेच परत जायचे. त्याच्या चालत्या रंगमंचात वजन बारीक भरडधान्याच्या किंवा मोहरीच्या दाण्यांवर टेकलेले असे. दाणे खालच्या छिद्रातून गळत गेले की वजन सावकाश, एकसारखे खाली येई. टालोसचे धड 25-30 मिमी व्यासाच्या नळीचे करा, त्यात मोहरी भरा, वर सैल बसणारी वजनदार डट्टी आणि तिला बांधलेले दोरे डोक्याकडे, दोन्ही हातांकडे. डट्टी वर असताना दोरे ताणलेले आणि टालोस ताठ उभा असला पाहिजे. ती खाली गेली की दोरे सैल होऊन मान आणि हात झुकतात. मोहरी गळायचे छिद्र डाव्या घोट्यात, 6 मिमीचे, आणि त्यात ब्राँझच्या रंगाचा एक खिळा. बघणाऱ्याला तो खिळा ओढायला सांगायचा. मोहरी जुनी, कोरडी आणि चाळलेली घ्या. ओलसर दाणे छिद्राशी कमान धरून अडकतात. छिद्राखाली वाटी ठेवायला विसरू नका, आणि पुढच्या प्रयोगाआधी दाणे नळीत वरून भरता यावेत म्हणून डोके काढता येईल असेच बसवा.